थोडं गळलं तरी चालते

तराळे डॉक्टरीण माझ्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होती, तेवढ्या वर्षांत तिनं मोरीतला नळ एकदाही पूर्ण बंद केला नाही. मी खाली भाजी निवडत बसलेली असायची आणि वरून टिप, टिप, टिप. अमरावतीत आमच्या भागात उन्हाळ्यात नळाला पाणी दिवसाआड येतं. त्या दिवसांत तो आवाज ऐकून माझं डोकं फिरायचं. मी जिना चढून जायची, नळ कचकचून पिळायची आणि खाली यायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"बाई, हातात जोर नाई का तुमच्या?" एकदा मी विचारलं.

"आहे नं, मावशी."

"मंग नळ काहून बंद होत नाई?"

"तुमी पिळून पिळून आतला वायसर खाऊन टाकला, म्हणून बंद होत नाई. आता तुमाले रोज आधीपेक्षा जास्त पिळा लागते." असं म्हणून तिनं नळाखाली बादली सरकवली. "थोडं गळलं तरी चालते. हे पाणी मी कुंड्यायले टाकते."

मला ते उत्तर आगाऊ वाटलं. घर माझं, नळ माझा, आणि ही मला शिकवते.

नाव रेखा. मूळची अकोल्याकडची, शेतकऱ्याच्या घरातली. आई अकोल्यातच राहायची, म्हणून शनिवारी ती बडनेऱ्याहून गाडी धरायची आणि सोमवारी सकाळी परत यायची. ठेंगणी, सावळी, चालताना चपला फटफट वाजायच्या. लग्न केलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी विचारलं, कशाची डॉक्टर? म्हणाली, "रक्ताच्या नळ्यांची."

"म्हणजे हार्टची?"

"नाई. हार्टातून जे रस्ते निघते, त्यायची. रस्ता तुटला, नाईतर बुजला, का मले बोलावते."

मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. मला वाटलं, एवढ्याशा गोष्टीला वेगळा डॉक्टर कशाला लागतो.

मला कोणाचं कौतुक चटकन जमत नाही. नवऱ्याचंही मी त्याच्या माघारी केलं, तेही बेताचंच. तेव्हा हे सगळं मी भाडेकरणीच्या मायेपोटी लिहिते आहे, असं कोणी समजू नये. माझ्या बहिणीच्या मुलाचा, विनोदचा पाय मी त्या बाईच्या हातात जाताना पाहिला आणि तिथून परत येताना पाहिला. म्हणून लिहिते. पण ती बाई कशी होती हे आधी सांगितल्याशिवाय ते पुढचं कोणाला कळायचं नाही.

तिला घट्ट काही चालतच नसे. मनगटाला घड्याळ नाही, बांगडी नाही. वेणी इतकी सैल की दुपारपर्यंत निम्मी सुटायची. दह्याच्या डब्याचं झाकण नुसतं टेकवायची. किती वेळा तिच्या पिशवीत दही सांडलं असेल, आणि पिशवी धुवायला शेवटी मीच. कपडे वाळत घालताना चिमटे लावायची नाही. वारा सुटला की तिची साडी समोरच्यांच्या गच्चीवर. समोरची बाई रोज ओरडणार आणि साडी आणायला मीच जाणार.

"दोरीवर चिमटे काय शोभेले ठेवले का?" मी तिला ऐकवलं.

तिनं दोरीवरचा एक चिमटा काढला, स्वतःच्या करंगळीला लावला आणि माझ्यासमोर उभी राहिली. बराच वेळ. मग चिमटा काढून करंगळी माझ्या नाकासमोर धरली. बोटावर दोन पांढऱ्या रेघा होत्या. बघता बघता त्या लाल झाल्या.

"चिमटा काढला का काम झालं, असं सगळ्यायले वाटते," ती म्हणाली. "खरं काम तवाच सुरू होते."

साडीचं बोलणं चाललं आहे की आणखी कशाचं, हे मला कळलं नाही. ते कळलं डब्याच्या दिवशी.

तिच्याकडे तेव्हा फ्रिज नव्हता. एका सकाळी ती स्टीलचा डबा घेऊन खाली आली. "मावशी, हा तुमच्या फ्रिजमधी ठेवते. संध्याकाळी नेते. उघडू मात्र नका."

उघडू नका म्हटलेला डबा न उघडणारी बाई मी अजून पाहिलेली नाही. ती गेली आणि मी उघडला. आत पाण्यात पांढुरक्या, बोटाएवढ्या जाड नळ्या पडल्या होत्या. मला आधी वाटलं, खायचंच काहीतरी शहरातलं असेल. वास घेतला आणि समजलं. माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे. मी अख्खा फ्रिज रिकामा केला, हळदीच्या पाण्यानं पुसला आणि डबा उचलून जिन्यात ठेवला. संध्याकाळी ती आली तेव्हा माझं तोंड सुटलं ते थांबेना. बाटवलं म्हटलं, घर सोड म्हटलं, तुझ्या मायनं हेच शिकवलं का म्हटलं. तोपर्यंत मी तिला अहोजाहो करायची. त्या दिवसापासून तू म्हणायला लागले, ते कायमचं.

ती जिन्याच्या पायरीवर बसून सगळं ऐकत होती. मी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाली, "झालं? आता आहे काय थे पाहून तं घ्या. बकऱ्याच्या मानेतल्या नळ्या आहे, मावशी. कसायाकडून मागून आणल्या. खाले नाई, शिकाले."

"एवढी डॉक्टर झाली, अजून काय शिकते?"

"दाबाले."

मी वर गेले. का गेले ते सांगता येणार नाही. भांडण अर्धं राहिलं होतं म्हणूनही असेल. तिनं गच्चीवर टेबल मांडलं, त्यावर प्लास्टिक अंथरलं आणि दोन नळ्या शेजारी शेजारी ठेवल्या. तिच्याजवळ लांब दांड्यांचे, नाजूक तोंडाचे चिमटे होते. एका नळीवर तिनं चिमटा करकचून लावला. दुसरीवर असा लावला की नळी नुसती धरलेली राहील. मग दोन्ही काढले.

"सांगा, कुठं लावला होता?"

मी वाकून पाहिलं. दोन्ही नळ्या बाहेरून सारख्याच. काही दिसत नव्हतं.

मग तिनं लहान कात्रीनं नळ्या उभ्या चिरल्या आणि भेंडी उघडावी तशा उघडल्या. आतली बाजू अशी चकचकीत होती की मी पाहत राहिले. दुधावरची साय, नाहीतर नव्या चोळीचं अस्तर. पहिल्या नळीत त्या अस्तरावर दातांची रांग उमटली होती आणि एका जागी अस्तर सोलून वर आलं होतं. दुसऱ्या नळीत एक फिकट रेघ, तेवढीच.

"माणसाले बाहेरून दिसत नाई," ती म्हणाली, "पण रक्ताले आतून समजते. रक्त अशा जागी अडखळते, तिथंच चिकटते, मंग गाठ होते. आपरेशन चांगलं झालं म्हणून लोक पेढे वाटते, अन् आत गाठ वाढून राहते."

"मंग चिमटा लावतेच कायले?"

"रक्त वाहत असलं तं शिवणार कसं? तुमच्या नळाचा वायसर बदलाचा तं आधी वरचा कॉक बंद करा लागते का नाई? लावाच लागते. कितीही चांगला चिमटा आणा, दुखापत होतेच. थोडी का जास्त, एवढंच आपल्या हाती."

"अन् नंतर?"

"नंतर पाय धरून बसते."

तो डबा मी माझ्या फ्रिजमध्ये पुन्हा ठेवू दिला नाही. दुसऱ्या एका भाच्याकडे एक जुना फ्रिज पडून होता तो आणवून तिच्या खोलीत चढवला. म्हटलं, तिथं काय मेलेलं ठेवायचं ते ठेव.

पाय धरून बसते, हे तिनं बोलायचं म्हणून म्हटलं नव्हतं. तिला पायांचं वेडच होतं. मी ओट्यावर पाय सोडून बसले असले तर येता-जाता ती वाकायची आणि माझ्या पावलावर दोन बोटं ठेवायची. अंगठ्याच्या वरच्या बाजूला एक जागा आहे, तिथं नाडी लागते. आधी मी पाय ओढून घ्यायची. मग सोडून दिलं. गल्लीतल्या बायका मला म्हणायच्या, तुमची भाडेकरीण किती संस्कारी, दिवसातून चारदा पाया पडते. फुकटचा मान कोण सोडतो?

पण नामदेवरावांच्या घराच्या वास्तूला सगळं उघडं पडलं. नामदेवराव आमच्या गल्लीतले म्हातारे, शाळेतून निवृत्त झालेले, बोटात सदा बिडी. तराळेबाई त्यांच्या पाया पडायला वाकली आणि उठेचना. नामदेवरावांनी आशीर्वाद दिला, "अखंड सौभाग्यवती भव." ती वाकलेलीच. त्यांना वाटलं, ऐकू गेलं नाही. पुन्हा मोठ्यानं दिला. तिनं उजवं पाऊल सोडलं आणि डावं धरलं. मागं पाया पडायला उभ्या असलेल्या बायका ताटकळल्या. नामदेवराव घाबरून म्हणाले, "पोरी, पुत्रवती पण हो. आता ऊठ."

तिनं खालूनच विचारलं, "काका, चालताना पोटरी दुखते का?"

"दुखते नं. थांबलं का बरं वाटते."

"कवापासून?"

"झाले बरेच दिवस. वय झालं म्हणून सोडून देलं."

"वय नाई झालं. डाव्या पायात रस्ता बुजत चालला. बिडी बंद करा अन् सोमवारी या."

भर मांडवात, भटजींसमोर. नामदेवरावांची बायको तिच्यावर चिडली, शुभकार्यात अभद्र बोलली म्हणून. पण सोमवारी नवऱ्याला घेऊन तीच गेली. नामदेवराव त्यानंतर बरीच वर्षं आपल्या पायांनी दूध आणायला जात. बिडीची आठवण आली की आमच्या घराकडे बघून शिव्या देत.

आता विनोदचं.

विनोद वरूडला असतो. थोडी संत्र्याची बाग आहे आणि हंगामात तो पॅकिंगच्या शेडमध्ये माल बघतो. त्या दिवशी ट्रक भरताना मागच्या फाळक्याचा निघालेला पत्रा त्याच्या गुडघ्याच्या मागं घुसला. तिथल्या माणसांनी दुपट्ट्यानं मांडी आवळली आणि गाडीत घालून अमरावतीला आणला. माझ्या धाकट्या बहिणीचा, लीलाचा फोन आला, "ताई, विनोदचा पाय गेला वो." मी दवाखान्यात पोचले तेव्हा त्याला आत नेलं होतं. तुटलेली रक्ताची नळी शिवणारी तराळेबाईच होती.

ती बाहेर आली तेव्हा लीलाचा नवरा, दिगंबर, पुढं धावला.

"पाय गरम आहे, बोटं गुलाबी आहे," ती म्हणाली. "आता पाहू."

"पाहू म्हणजे? झालं नं?"

"शिवणं झालं. आता पाहू."

दिगंबर माझ्याकडे वळून म्हणाला, "चांगली गोष्ट अशी सांगते का कोणी? सुतक असल्यासारखी."

मला त्या चिरलेल्या नळीतली दातांची रांग आठवली. जाताना तिनं लीलाला बजावलं, "पायाले कोणी हात लावाचा नाई. काही वाटलं तं मले बोलवा. कवाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा घेऊन गेले. विनोद उशीला टेकून बसला होता. दिगंबर खुर्चीत पेपर वाचत होता. लहान डॉक्टर येऊन गेला होता आणि पाय गरम आहे, छान आहे म्हणाला होता. थोड्या वेळात चपला फटफटल्या आणि तराळेबाई आली. तिनं पावलाला उलटा हात लावला. मग त्या ठरलेल्या जागी दोन बोटं ठेवली. आमच्याकडे तिची पाठ होती. मला फक्त तिचं कोपर दिसत होतं, आणि ते हलत नव्हतं.

"गरम आहे नं, बाई?" लीलानं विचारलं.

"गरम आहे."

पण तिनं हात उचलला नाही. दुसरं, चांगलं पाऊल धरून पाहिलं. पुन्हा पहिलं. मग आपला तळहात नाकाजवळ नेला.

"तिळाचं तेल आहे. पाय कोणं चोळला?"

मी पांघरुणाचं टोक वर केलं. आत माझ्याच जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली होती.

"लीले, सांग," मी म्हटलं.

लीला रडायलाच लागली. "थंड लागून राहिला होता वो बाई मले. माणूस जाते तवा आधी पाय थंड पडते. म्हणून तेल कोमट करून लावलं, बाटली ठेवली. मायचा जीव आहे."

मला वाटलं, आता ही लीलाला झापणार. नामदेवरावांना मांडवात सोडलं नव्हतं तिनं. पण ती लीलासमोर स्टुलावर बसली. "थंड कवा लागला?"

"सकाळी. चहावाला आला तवा."

"म्हणजे तुमच्या हातानं सगळ्यायच्या आधी ओळखलं. मले फक्त सांगाचं राहिलं." मग सिस्टरला म्हणाली, "यंत्र आणा," आणि बाटली बाजूला केली, पायावरचं तेल ओल्या फडक्यानं पुसलं आणि पावलावर हात ठेवून बसून राहिली. आम्ही सगळे त्या हाताकडे पाहत होतो. बाहेरून दिलेली ऊब ती. उतरायला किती वेळ लागणार? विनोद म्हणाला, "बोटं बधिर झाली, बाई." यंत्र आलं. पेनासारखी कांडी चांगल्या पावलावर टेकवली की त्यातून फुस्स फुस्स आवाज यायचा, भाता मारल्यासारखा. दुखऱ्या पावलावर टेकवली. काही नाही. तिनं जागा बदलून बदलून पाहिली. काही नाही.

मग ती उठली आणि जे बोलली ते मी जन्मात विसरणार नाही. बापाकडे पाहून नव्हे, विनोदकडे पाहून बोलली.

"रस्ता बुजला आहे. शिवण शाबूत असन. पण रक्त थांबवाले मी वरून-खालून चिमटे लावले होते. चिमट्याच्या जागी आतून दुखावलं, तिथं गाठ झाली असन. चिमटा माझ्या हातचा आहे. पुन्हा उघडा लागते, आत्ताच."

दिगंबरचा पेपर खाली पडला. "म्हणजे तुमी बिघडवलं?"

"माझ्या हातून झालं. हाव."

"अन् पुन्हा तुमच्याच हाती देऊ?"

तोपर्यंत दवाखान्याचे मोठे डॉक्टर दारात आले होते. म्हणाले, "मॅडम, जरा बाहेर येता का?" त्यांचा चेहरा सांगत होता, असं बोलायचं नसतं.

"इथंच बोला, सर. त्याचा पाय आहे, त्याले माहीत असलं पायजे."

दिगंबर फोन काढून नागपूरला कोणाला तरी लावायला लागला. ती म्हणाली, "नागपूरले नेता तं न्या. तिथले डॉक्टर माझ्या वळखीचे आहे, मी आत्ता फोन करते. पण रस्त्यात जेवढा वेळ जाईन तेवढा पाय मरत जाईन. तिथं पोचेस्तोवर वाचनच, असं मी म्हणणार नाई."

लीला माझ्याकडे पाहायला लागली. दिगंबरही माझ्याकडे वळला. "ताई, तुमची भाडेकरीण आहे. तुमीच सांगा."

मी म्हटलं, "बिघडलं हे तिनंच सांगतलं, दिगंबरराव. न सांगणारा डॉक्टर पायजे असन तं नागपूरले जा."

पण ठरवलं ते विनोदनं. तो इतका वेळ छताकडे पाहत पडला होता. म्हणाला, "बाबा, नख लागल्या संत्र्यासारखं आहे हे."

"काय?"

"तोडताना नख लागलं का त्या वक्ती काही दिसत नाई. पेटीत भरतो तवा चांगलंच दिसते. दोन दिसानं तिथूनच सडते. अन् तोडणारा कवा सांगत नाई, माह्या हातचं आहे म्हणून. ही बाई सांगून राहिली." मग तिच्याकडे पाहून म्हणाला, "उघडा."

त्याला नेलं. आम्ही बाहेर बाकावर बसलो. लीला देवाचं नाव घेत होती, दिगंबर येरझारा घालत होता. मी त्या चिमट्यांचा विचार करत होते. चिमट्यानं दुखावलं ते दुरुस्त करायचं, तर पुन्हा चिमटा लावल्याशिवाय कसं करणार? पुन्हा लावला तर पुन्हा तेच.

आत काय झालं ते मला नंतर आपरेशन थेटरातल्या सिस्टरनं सांगितलं. तराळेबाईनं वरच्या बाजूचा चिमटा मागितलाच नाही. ती नळी तिनं आपल्या अंगठ्यात आणि बोटात धरली आणि लहान डॉक्टरला म्हणाली, "शिवणं तू कर, मी धरते." सिस्टर म्हणाली, इतक्या वर्षांत असं पाहिलं नाही, एरवी मोठा डॉक्टर शिवतो आणि लहान धरतो. लहान डॉक्टरनं बारीक नळी घालून गाठ ओढून काढली. जळूसारखी काळी, लांब. मग अस्तर सोललेला तेवढा तुकडा कापून टाकला आणि दुसऱ्या पायातली एक शीर काढून तिथं जोडली. तेवढा सगळा वेळ ही धरून उभी. मधेच तो लहान डॉक्टर म्हणाला, "मॅडम, गळून राहिलं, थोडं अजून दाबा." ती म्हणाली, "नाई. थोडं गळलं तरी चालते. तुले दिसते आहे नं? शिव."

सिस्टरनं हे सांगितलं तेव्हा मी तिला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मी नळ पिळायला जिना चढणारी-उतरणारी बाई. माझी ती मोरी, ती बादली, आणि इकडे माझ्या लीलाच्या पोराच्या पायात तेच.

ती बाहेर आली ती भिंतीला धरून. म्हणाली, "आवाज येऊन राहिला. आता पाहू." यावेळी दिगंबरनं ‘पाहू म्हणजे’ असं विचारलं नाही. तो खाली बसला आणि तोंडावर दुपट्टा घेतला.

मी तिच्यासमोर चहा धरला. तिनं उजवा हात पुढं केला आणि कप तिच्या हातात राहीना. अंगठा आणि दोन बोटं वाकलेली होती ती तशीच वाकून बसली होती. उघडत नव्हती आणि मिटतही नव्हती. अजून ती काहीतरी धरूनच होती. तिनं त्या हाताकडे पाहिलं, जसं दुसऱ्याच कोणाच्या हाताकडे पाहावं.

"होते थोड्या वेळानं," ती म्हणाली.

मी चहा बशीत ओतला आणि तिच्या तोंडाला लावला. ती लहान पोरासारखी प्याली. माझ्या पोटच्या मुलांनाही मी मोठेपणी असं पाजलेलं नाही. त्यानंतर ती वॉर्डात गेली आणि विनोदच्या पायाशी स्टूल घेऊन बसली. उजवा हात मांडीवर तसाच वाकडा, डावा पावलावर. लीला तिच्या शेजारी जमिनीवर बसली. मधून मधून ती लीलाला म्हणायची, "तुमी पाहा, तुमच्या हाताले काय म्हणते?" लीला हात लावायची. "गरम." "आपल्या आपण गरम आहे नं? बाटली नाई नं?" आणि लीला रडता रडता हसायची.

विनोद आज चालतो. दोन बोटांना मुंग्या येतात आणि थंडीत पाय ओढतो, पण बागेत फिरतो. मृगाच्या बहाराची पेटी तो दरवर्षी तिला पाठवायचा. ती एकेक संत्रं उजेडात फिरवून नख शोधायची. एखादं सापडलं तर फोन करून सांगायची, "विनोद, हे कोणं तोडलं रे?"

मग तिच्या आईला दिसेनासं झालं आणि तिनं अकोल्यालाच काम धरलं. जायच्या दिवशी दाराशी टेम्पो आला. टेम्पोवाल्यानं कपाट, गादी, तो माझ्या भाच्याचा फ्रिज, सगळं रचलं आणि पाय लावून दोर ताणायला लागला.

"एवढं नको, भाऊ."

"ढिलं ठेवलं तं मूर्तिजापूरच्या आतच सांडन, बाई."

तिनं त्याच्या हातातून दोर घेतला, सोडला, थोडा ओढला, बोटानं दाबून पाहिला आणि बांधला. टेम्पोवाला माझ्याकडे पाहून डोक्यावर बोट फिरवत होता. मी वर जाऊन मोरीतली बादली आणली. "ही पण ने. तिथच्या नळाखाली लागन." ती हसली आणि बादली त्याच दोराला अडकवली.

मग वाकली. सगळी गल्ली पाहत होती. मला ठाऊक होतं, ही लवकर उठायची नाही, म्हणून मी भिंतीला टेकून उभी राहिले. बोटं उजव्या पावलावर थांबली, मग डाव्यावर गेली. डाव्यावर जरा जास्त वेळ राहिली. मी खाली पाहिलं तर तिचे डोळे मिटलेले होते.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"उजवा चांगला आहे. डावा जरा हळू चालून राहिला. अकोल्याले या, नीट पाहते."

"पाहू."

"पाहू नाई. या."

आशीर्वाद द्यायचा राहिला. काय द्यावा ते सुचलंही नाही. ती टेम्पोत पुढं बसली. टेम्पो निघाला, कपाट डुलत होतं, आणि बादली त्या सैल दोरावर या बाजूला, त्या बाजूला हेलकावत होती. ती पडणार, असं मला पार वळणापर्यंत वाटत होतं. पडली नाही.